रेंज सांगा, पण किती अंशांना?

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे २० च्या आसपास उतरला आणि ओक ब्रुक, एव्हरग्रीन पार्क या उपनगरांतल्या चार्जिंग स्टेशनांवर टेस्लांच्या रांगा लागल्या. काही गाड्या रांगेतच बंद पडल्या, टो करून न्याव्या लागल्या. ते व्हिडिओ आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरले आणि त्याखाली शेरा ठरलेला: ‘म्हणूनच सांगत होतो, इलेक्ट्रिक घेऊ नका.’

त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओस्लोच्या परिसरात पारा उणे ३० च्या खाली गेला होता. नॉर्वेत तेव्हा रस्त्यावरच्या चार-पाच कारमागे एक विजेवर चालत होती. गाडी सुरू होत नाही म्हणून वायकिंग या रस्ता-मदत कंपनीकडे जी बोलावणी आली, त्यांत इलेक्ट्रिक गाड्या होत्या १३ टक्के. बाकीच्या पेट्रोल-डिझेलच्या. इलेक्ट्रिक गाड्या सरासरीने नव्या असतात, त्याचाही हा परिणाम आहे, हे मान्य. पण थंडीत ईव्ही चालतच नाही, हे म्हणणं तिथे टिकत नाही.

रेंज मात्र घटते, आणि चांगलीच घटते. बॅटरीत लिथियमचे आयन द्रवातून इकडून तिकडे जातात. थंडीत तो द्रव दाटतो, आयन मंदावतात. चार्ज करताना तर खरी पंचाईत. ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला आयनांना वेळ लागतो. वीज जोरात ढकलली तर ते आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीचा संगणक गारठलेल्या बॅटरीला जोरात चार्ज होऊच देत नाही. चार्जर कितीही तगडा असो, वीज आत जाते ती थेंबाथेंबानेच.

पण सगळ्यात जास्त रेंज खातो तो केबिनचा हीटर. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि हीटर त्या फुकटच्या उष्णतेवर चालतो. इलेक्ट्रिक मोटर इतकी काटकसरी की तेवढी उष्णता वाया जातच नाही. ऊब हवी तर बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये हे मोजलं. उणे ७ अंशांना हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्के घटली. हीटर लावल्यावर ४१ टक्के.

आता शिकागोची रांग पाहा. गाडी रात्रभर उघड्यावर, घरी प्लग नाही. सकाळी थिजलेली बॅटरी घेऊन माणूस चार्जरवर येतो. नेव्हिगेशनमध्ये चार्जरचं ठिकाण टाकलं असतं तर गाडीने वाटेतच बॅटरी तापवायला घेतली असती. ते माहीत नसेल तर ती थंडच पोहोचते. मग रांगेत हीटर लावून बसायचं. हीटर तासाला दोन-तीन युनिटं सहज खातो. नंबर लागतो तेव्हा सुरुवातीचा बराच वेळ बॅटरी तापण्यातच जातो, आणि मागची रांग आणखी लांबते. नॉर्वेत बहुतेकांची गाडी घरच्या प्लगला लावलेली असते. निघण्याआधी ॲपवरून ती घरच्याच विजेवर तापवून घेतात. बॅटरीतली वीज रस्त्यासाठी शिल्लक राहते.

नॉर्वेचा वाहनचालक संघ एनएएफ दर हिवाळ्यात गाड्या पूर्ण चार्ज करून बाहेर काढतो आणि बंद पडेपर्यंत चालवतो. २०२४ च्या चाचणीत टेस्ला मॉडेल ३ कागदावरच्या ६२९ किलोमीटरऐवजी ४४१ वर थांबली. चिनी हायफाय झेड ५५५ ऐवजी ५२२ पर्यंत गेली. एकाच चाचणीत एक गाडी ३० टक्के घसरते, दुसरी सहा. म्हणजे थंडीतला आकडा गाडीगणिक वेगळा आहे आणि तो मोजता येतो. मग तो गाडीच्या स्टिकरवर का नाही? युरोपातली जाहीर रेंज २३ अंशांच्या प्रयोगशाळेत ठरते. नॉर्वेच्या जानेवारीत २३ अंश फक्त दिवाणखान्यात असतात.

आपल्याला काय करायचंय थंडीशी, असं कुणी म्हणेल. पुण्या-नाशकाच्या आठ-दहा अंशांच्या पहाटे फरक थोडाच पडतो, हे खरं. पण गाड्या काही फक्त पुण्या-नाशकात विकल्या जात नाहीत. शिमला, श्रीनगर, लेह इथेही गिऱ्हाईक आहे, आणि स्वतःची गाडी घेऊन मनालीला जाणारी मराठी कुटुंबंही कमी नाहीत. शिवाय आपल्याकडच्या अनेक ईव्हींत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, बॅटरी असते. आपल्या उन्हाळ्याला ती उत्तम, टिकाऊही. थंडीत मात्र निकेलच्या बॅटरीपेक्षा ती जास्त आखडते. हे शोरूममध्ये सांगायला नको?

२०२४ मध्ये टाटाची कर्व्ह ईव्ही आली, तेव्हा प्रमाणित रेंज होती ५८५ किलोमीटर आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची, कंपनीनेच सांगितलेली, ४०० ते ४२५. हा दुसरा आकडा स्वतःहून सांगितला, हे चांगलंच केलं. सगळ्यांनी सांगावा. पण उणे पाचला काय मिळेल, ते त्यातूनही कळत नाही.

गाड्या तपासणारी एआरएआय आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिच्या प्रमाणपत्रावर दोन रेंज असाव्यात: एक नेहमीची, दुसरी उणे ७ अंशांची, हीटर चालू ठेवून. उणे ७ हा आकडा हवेतून काढलेला नाही. पेट्रोल गाड्यांच्या धुराची थंडीतली चाचणी अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे याच तापमानाला होत आली आहे.

तोवर, डोंगरात गाडी न्यायची असेल तर बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा. हीट पंप, म्हणजे कमी विजेत ऊब देणारी यंत्रणा, आहे का? चार्जिंगआधी बॅटरी तापवायची सोय आहे का? शून्याखाली रेंज किती? सेल्समन ‘विचारून सांगतो’ म्हणाला, तर त्याने सांगेपर्यंत सही करू नका.