कुठलं बटण दाबू, भाऊ?

सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात साडीच्या गाळ्याचं कार्ड छापायचं म्हणजे त्यावर स्वतःच्या डोमेनचा ई-मेल हवाच. तो उघडायला गिऱ्हाइकाला कुठलं वेबमेल द्यावं, या चिंतेत उधना-लिंबायतकडच्या आपल्या खानदेशी होस्टिंगवाल्यांची झोप उडालेली असते.

पूर्वी सीपॅनेल हे होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल वेबमेलचे तीन पर्याय समोर ठेवायचं : होर्ड, राउंडक्यूब, स्क्विरलमेल. केवढं स्वातंत्र्य! त्याचा उपयोग एकच, शेठ फोन करून विचारायचे, "भाऊ, यातलं कुठलं दाबू?" स्क्विरलमेलची शेवटची स्थिर आवृत्ती २०११ची, तरी सीपॅनेलने ते २०१९पर्यंत पोसलं. पुढे होर्डलाही नारळ मिळाला. उरलं राउंडक्यूब. निवडीचा प्रश्न मिटला, पण निवडीवरच्या बैठका काही थांबल्या नाहीत.

जून २०२५मध्ये याच राउंडक्यूबमध्ये भगदाड सापडलं. लॉगिन असलेला कुणीही त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता, आणि ते दहा वर्षं तसंच होतं. दुरुस्ती १.६.११ आवृत्तीत आली. ती आपल्या सर्व्हरवर चढवली का, हे शेठ विचारत नाहीत. "वर आमचा लोगो येईल ना? जरा मोठा करा," एवढंच.

बाकी मेल जीमेलवर फॉरवर्ड केलेले, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, वेबमेलचा पासवर्ड मुनीमजींच्या डायरीत, आणि मुनीमजी दिवाळीपासून गावाला.