काडतुसांचा कारकून

अमेरिकेतल्या चांदमारीच्या मैदानावर बार उडाला की सगळ्यांच्या नजरा लक्ष्याकडे जातात, एकाची मात्र जमिनीकडे. पितळी पुंगळी उडून कुठे घरंगळली हे तो आधी बघतो, नेम लागला की नाही ते मागाहून. शेजारचा नेमबाज आपल्या पुंगळ्या तिथेच टाकून निघाला तर हा दोन पावलं पुढे सरकतो, उगाच खाकरतो आणि ‘तुम्हाला या हव्यात का?’ असं विचारतो. उत्तर येईपर्यंत तो वाकलेलाही असतो. वापरलेल्या पुंगळ्या घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर हाताच्या अवजारांनी पुन्हा भरणारी ही जमात तिथे चांगली जुनी आणि मोठी आहे. घरी दारूगोळा करणारा म्हणजे डोक्यात राख घातलेला कोणी लढवय्या असणार, असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. माझ्या मते हा गृहस्थ मुळात कारकून आहे. बंदूक त्याला लागते ती पुंगळ्या रिकाम्या करून घेण्यापुरती.

पुरावा म्हणून त्याची अवजारंच बघा. कनेक्टिकटमध्ये जॉन बार्लो यांनी १८८४ साली ‘आयडियल’ नावाने कारखाना काढला आणि पकडीसारखी दिसणारी हत्यारं विकायला सुरुवात केली. त्यातल्या काहींच्या टोकाला शिशाची गोळी ओतायचा साचाही असे, म्हणजे अख्खं खातं एका मुठीत. १९५८ साली विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड ली यांनी घरच्या कार्यशाळेत छर्र्याच्या काडतुसांसाठी ‘ली लोडर’ तयार केला. पुढे तो रायफल-पिस्तुलांसाठीही निघाला. एवढ्याशा डबीत दोन-तीन नळकांडी, एक सळई, दारू मापायचा चिमुकला चमचा. हातोडी मात्र ज्याची त्याने आणायची. सळई घालून दारू पेटवणारी जुनी टोपी ठोकून काढायची, पुंगळी साच्यात ठोकून तिचं तोंड आवळायचं, नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. यात एक मोठी गंमत आहे. बर्डन नावाच्या अमेरिकनाने काढलेली टोपी युरोपात रुळली आणि बॉक्सर नावाच्या इंग्रजाची अमेरिकेत. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे सळई सरळ आत जाते. बर्डनच्या पद्धतीत दोन भोकं, तीही बाजूला. ही अदलाबदल झाली नसती तर आमच्या कारकुनाचं दप्तर अमेरिकेत उघडलंच नसतं.

आता नवी टोपी बसवताना त्याला जवळून बघावं. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर आणखी एक संरक्षक चष्मा. हातोडीचे घाव असे, की भिंतीपलीकडे बाळ झोपलं असावं. टक्, टक्, टक्. आवाज बदलला की टोपी तळाला टेकली. क्वचित एखादी टोपी तिथेच फटकन उडते, तेव्हा घरातली माणसं दचकतात; हा फक्त वहीत नोंद करतो. वही हेच त्याचं खरं शस्त्र. तारीख, दारूची जात, वजन, गोळीचा वेग, पुंगळी कितव्यांदा भरली, सगळं त्यात असतं आणि त्याचा गोषवारा खोक्यावरच्या चिठ्ठीत. वजन तो ग्रेनमध्ये करतो. ७००० ग्रेनचा एक पौंड. इंग्रजी अमदानीत ठरलेला आपला तोळाही १८० ग्रेनचाच, तेव्हा त्याच्या तराजूसमोर सराफाला परकं वाटू नये. फरक एवढाच की ग्रेनच्या दशांशासाठी इतका वेळ श्वास रोखून धरणारा सराफ अजून व्हायचा आहे.

यावर पहिला आक्षेप त्याचा स्वतःचाच: ‘अहो, पैसे वाचतात!’ हिशेब बिनचूक आहे. काडतुसात सहसा सर्वांत महाग असते ती पुंगळी, आणि ती पुन्हापुन्हा चालते. गोळी, टोपी आणि दारू तेवढी नवी लागते. पण वाचलेल्या पैशाचं तो काय करतो? आणखी गोळ्या आणतो. मग अचूक तराजू, मग पुंगळ्या घासायचं यंत्र, ज्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून पितळ लखलखीत करतात. त्या लखलखाटाने नेम केसभरही सुधारत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. हातोडीवाल्या डबीने तासाभरात पन्नास काडतुसं झाली तर डोक्यावरून पाणी, आणि मैदानावर ती उडायला दहा मिनिटं पुरतात. आपल्या वेळेची मजुरी त्याने त्या वहीत एकदा जरी धरली असती तर वही तिथेच बंद पडली असती. तशी ती धरायची नसते, हे कुठल्याही मुरलेल्या काटकसरी माणसाला कळतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लांबच्या पल्ल्याच्या स्पर्धांत एकाच बंदुकीला मानवेल असं काडतूस हातानेच जुळवावं लागतं, आणि जुन्या बंदुकांची काडतुसं कित्येकदा बाजारात मिळतच नाहीत. मान्य. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ च्या वापरलेल्या पुंगळ्यांपासूनच गोळ्यांची वेष्टणं घडवायचा साचा केला, आणि त्यातून पुढे ‘आरसीबीएस’ ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली. पण हे उदाहरणही माझ्याच बाजूने साक्ष देतं. टंचाईत लढवय्या ओरडतो. केराच्या टोपलीत हात घालायचं सुचतं ते कारकुनालाच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर: बंदुकांनी गांजलेल्या देशात घरोघरी दारू भरणाऱ्यांवर विनोद करावा का? बंदुकीचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाहीच. पण ज्याला घाई आहे तो दुकानातून तयार खोकं आणेल; चमच्या-चमच्याने भरत बसणं घाईवाल्याचं काम नव्हे. धोका आहे तो याला स्वतःला. पिस्तुलाच्या पुंगळीत दारूचं माप बहुधा इतकं लहान असतं की चुकून दोनदा पडलं तरी मावतं आणि बंदूक हातात फुटू शकते. मापच पडलं नाही तर गोळी नळीत अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली की तोच प्रकार. म्हणून तो गोळ्या दाबण्याआधी पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या करून विजेरीने प्रत्येकीच्या पोटात डोकावतो. मग एकदा उलट्या क्रमाने डोकावतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करता येत नाहीत. आपल्याकडे हे काम १८६९ पासून उभ्या असलेल्या खडकीसारख्या कारखान्यांचं, त्यामुळे इथल्या या स्वभावाच्या माणसांना सोसायटीच्या खजिनदारपदावर समाधान मानावं लागतं.

या जमातीचा एक नियम मात्र माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा बोलका आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस कधीही झाडायचं नाही. मित्राचं नाही, सख्ख्या भावाचंही नाही. विश्वास कंपनीच्या खोक्यावर अर्धा, स्वतःच्या वहीवर पुरा आणि इतर कोणाच्याही वहीवर शून्य. त्यामुळे असा माणूस गेला की मागे राहतात चिठ्ठ्या लावलेली, सुवाच्य अक्षरातली, शेकडो काडतुसांची खोकी, आणि ती उडवायला कोणीही धजत नाही. जाणकार सांगतात की ती फोडून टाकावीत. त्यासाठीही हातोडीसारखं एक हत्यार मिळतं. त्यात काडतूस अडकवून ते आपटलं की गोळी सुटून बाहेर येते. हे कंटाळवाणं काम फुकटात करायला त्याच्याच क्लबातला कोणीतरी आपण होऊन पुढे येतो, वारसांचं सांत्वन करतो, दारू बाजूला काढून तिची विल्हेवाट लावतो आणि निघताना दारात घुटमळून, किंचित खाकरून विचारतो, ‘पुंगळ्या तुम्हाला हव्यात का?’