अश्वारूढाचे पतन
ज्या सिल्व्हासातून 1783 पासून ठाण मांडून बसलेला पोर्तुगीज अंमल उखडण्यास 2 ऑगस्ट 1954 उजाडावा लागला, त्याच नगरीत मुक्तिदिनाचे स्मृतिचिन्ह म्हणून दिलेला, मागल्या दोन पायांवर उसळलेल्या घोड्यावरचा धातूचा वीर रेझिनच्या तटावरून आभारप्रदर्शनापूर्वीच पदच्युत व्हावा, हे नवलच! (कंत्राटदाराचा मजबुतीचा दाखला मात्र सहीशिक्क्यानिशी दप्तरी दाखल.) वास्तविक झटपट चिकटणारा गोंद ताण सोसतो, पण धक्क्याने काचेसारखा तडकतो, म्हणून खुरात बारीक भोक पाडून पितळी तार बसवावी, ती बैठकीत खोल उतरवावी, दोन्ही पृष्ठे कानशीने खरवडून इपॉक्सी भरावे आणि रात्रभर हात लावू नये. परंतु मंजूर अंदाजपत्रकात हारतुऱ्यांची तजवीज होती, तारेची नव्हती. सबब वीरास भिंतीशी टेकवून ठेवण्याचा हुकूम निघाला आहे.