पेसो, पंप आणि सासूबाई

अमेरिकेतून मेक्सिकोत स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचना मी निघण्याआधी भक्तिभावाने वाचल्या. पंपावर गाडीतून खाली उतरावे. मीटर शून्यावर आला की नाही ते डोळ्यांनी पाहावे. कोणी काच पुसायला धावत आला तर त्याच्याकडे न बघता मीटरकडे बघावे. नोट देताना ती कितीची आहे ते मोठ्याने म्हणावे. वाचता वाचता मला भरून आलं. ज्याला हे लोक 'परदेशातले धोके' म्हणत होते, ती तर आमची पुण्यातली रोजची संध्या होती!

त्या बिचाऱ्यांचाही इलाज नाही म्हणा. अमेरिकेत पंपावर माणूसच नसतो. आपणच यंत्रात कार्ड घालायचं, आपणच नळी उचलायची, आपणच भरायचं. मध्ये माणूस नाही म्हणजे फसवणारा नाही, आणि फसवणारा नाही म्हणजे सरावही नाही. याला अपवाद न्यू जर्सीचा. तिथे 1949 पासून ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरणं कायद्याने मना आहे. ओरेगॉन राज्याने 2023 मध्ये ही बंदी उठवली, न्यू जर्सी अजून हटून बसलं आहे. आमचा मेव्हणा आधी त्याच न्यू जर्सीत, एडिसनला राहायचा. पंपावर काच चार बोटं खाली करायची, फटीतून कार्ड सरकवायचं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचं, हे वळण त्याला तिथे लागलं. सांगलीत वाढलेला मुलगा, पण पार वाया गेला. आता तो सॅन डिएगोला असतो. सीमेला इतका चिकटून, की मेक्सिको म्हणजे त्याला सांगलीहून मिरज.

माझं शिक्षण वडिलांच्या स्कूटरवर झालं. पंपावर ते गाडी स्टँडला लावायचे आणि मला आकड्यांच्या पहाऱ्यावर उभं करायचे. "झिरो बघा" असं पंपवाला म्हणाला तरी ते मला विचारायचे, "दिसला का झिरो?" पाचशेचं मागितलं की पंपवाला दोनशेला थांबतो, "सॉरी साहेब, दोनशे ऐकलं" म्हणतो, पुढचं दोनशेपासूनच चालू करून पाचशेवर नेतो आणि दोनशे वेगळे घेतो, हा हातखंडा प्रयोग मी मिसरूड फुटायच्या आत पाहिला. शंका आली तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. वडील ते माप मागायची धमकी नेहमी देत. प्रत्यक्ष मागितलं कधीच नाही, कारण पाच लिटर पेट्रोल घेण्याची ऐपत असलेला माणूस त्या काळी धमक्या देत नसे.

तर अशा तयारीनिशी आम्ही निघालो: मी, बायको, मेव्हणा आणि सासूबाई. सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाल्या. पुढे ती बँक बुडाली, पण सासूबाईंच्या खिडकीत कधी रुपया कमी आला नव्हता, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. गाडीला मात्र मेक्सिकन विमा घ्यावाच लागतो. सॅन इसिद्रोची सीमा ओलांडली की तिहुआना, आणि तिथून बाहा कॅलिफोर्नियाच्या लांबोडक्या द्वीपकल्पावरून दक्षिणेला जाणारा रस्ता. आम्हाला गेर्रेरो नेग्रोला जाऊन देवमासे बघायचे होते. हा महामार्ग 1973 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी तिथे जाणं ही सहल नसून मोहीम होती.

मेक्सिकोत पेट्रोल म्हणजे पेमेक्स, तिथली सरकारी तेल कंपनी. तिकडे पेट्रोलचा इतिहास पाठ्यपुस्तकात असतो, आणि तो वाचण्यासारखाही आहे. 18 मार्च 1938 ला राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी ब्रिटिश आणि अमेरिकी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. भरपाई द्यायची तर तिजोरीत पैसा नाही. तेव्हा राजधानीत बायकांच्या रांगा लागल्या. कोणी अंगठ्या दिल्या, कोणी बांगड्या, आणि ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्यांनी कोंबड्या आणून दिल्या. तेलाच्या मालकीसाठी घरची कोंबडी देणारा देश आपल्याला दोन-चार लिटरला काय फसवणार, असं मला उगाच वाटून गेलं. अनेक दशकं सगळ्या देशात फक्त पेमेक्सचाच पंप होता. 2016 पासून बाहेरच्या कंपन्यांच्या पाट्या लागू लागल्या आणि गिऱ्हाइकाला निवड करायची सोय झाली. कोणाकडे फसायचं याचीसुद्धा.

वाटेत एन्सेनादाच्या पंपावर गाडी थांबली आणि मेव्हण्याने सवयीने काच चार बोटं खाली केली. सासूबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "बाळ्या, उतर खाली. पैसे देतोस का भीक घालतोस?"

आम्ही तिघे उतरून यंत्रासमोर उभे राहिलो. टोपी घातलेला एक पोरगेलासा कामगार आला, हिरवी नळी उचलली, मीटरकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सेरोस!"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, मीटर बघितला आणि मान डोलावली. परदेशात पाऊल ठेवल्यापासून त्यांना समजलेला तो पहिला शब्द होता. हिरवी नळी म्हणजे माग्ना, आपलं साधं पेट्रोल. लाल म्हणजे प्रीमियम. भाव लिटरला चोवीस पेसोंच्या आसपास, म्हणजे रुपयांत मोजलं तर मुंबईच्या जवळपासच. गंमत अशी की पेसोची खूण आणि डॉलरची खूण एकच. पाटीवर एस अक्षराला उभी रेघ आणि पुढे 24 वाचून मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. सीमेलगतच्या पंपांवर डॉलरही घेतात, पण तो दर पंपवाल्याच्या मनचा असतो. पेसो घेऊन गेलेलं बरं.

त्या पोराने पेट्रोल चोख भरलं, काच पुसली, सुटे पैसे मोजून हातात ठेवले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्याला दहा पेसो द्यायला लागतील." मेक्सिकोत पंपावरच्या बऱ्याच कामगारांना पगार नावापुरता असतो, कित्येकांना तोही नाही. त्यांचं घर बक्षिशीवर, म्हणजे प्रोपिनावर चालतं. मालकाने पगार द्यायचा नाही, आणि कामगाराच्या हातात मात्र दिवसभर लोकांच्या नोटा द्यायच्या. या व्यवस्थेत इतके लोक प्रामाणिक राहतात हेच मला नवल वाटलं. सूचना लिहिणाऱ्या मंडळींनी मालकाबद्दल एक ओळ लिहिली असती तर बिघडलं नसतं.

आता दुसऱ्या पंपाची गोष्ट. गाव सांगत नाही, पाटी कोणाची होती तेही नाही.

इथे दोघे जण आले. एकाने नळी घेतली, दुसऱ्याने फडकं. फडकेवाल्याने मेव्हण्याला बोलण्यात गुंतवलं. कुठून आलात, गाडी छान आहे, इंडिया का, ताजमहाल, शाहरुख खान. मेव्हणा शाहरुख खानवर विरघळला. मी जागच्या जागी उभा राहून शून्य पाहिलं, लिटर पाहिले. टाकी वीस गॅलनची, म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटरची, आणि काटा एक तृतीयांशावर. त्यामुळे पन्नासाच्या आसपास आकडा बसतो हे मनात मांडलं. टाकीत मावणार नाही इतकं पेट्रोल बिलात मावतं, असे प्रकार घडतात. इथे मात्र आकडा बरोबर आला. बिल झालं 1,180 पेसो. कार्डाचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं. सासूबाईंनी पर्स उघडून पाचशेच्या तीन नोटा दिल्या.

तो वळला, परत फिरला आणि चेहरा पाडून तीन नोटा पुढे केल्या. दोन पाचशेच्या, एक वीसची. अजून 160 पेसो द्या, अशी त्याची खूण.

इथे मेक्सिकोच्या रिझर्व्ह बँकेबद्दल चार शब्द बोलणं भाग आहे. त्यांची वीसची नोट निळी, आणि तिच्यावर बेनितो हुआरेझ. 2018 मध्ये त्यांनी पाचशेची नवी नोट काढली. ती निळी, आणि तिच्यावरही बेनितो हुआरेझ. एकोणिसाव्या शतकातला हा मोठा राष्ट्राध्यक्ष, त्याला कितीही नोटांवर बसवा, पण रंग तरी बदला! लोकांनी ओरड केल्यावर बँकेला फरक समजावून सांगत बसावं लागलं. 2021 मध्ये वीसची नवी हिरवी नोट आली, पण जुन्या निळ्या अजून फिरताहेत. याच बँकेने त्याच वर्षी पन्नासच्या नोटेवर सोचिमिल्कोच्या कालव्यांतला आक्सोलोत्ल हा पाणसरड्यासारखा गोजिरवाणा प्राणी छापला. ती नोट इतकी सुंदर निघाली की तिला जगातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम नोटेचा मान मिळाला आणि लोकांनी ती खर्चच करायची सोडून दिली. म्हणजे जी ओळखू येते ती घरी बसते आणि ज्यांत घोटाळा होतो त्या बाजारात फिरतात.

मेव्हणा खिशात हात घालू लागला. "जाऊ दे आई, चुकून दिली असेल तू. दोन्ही निळ्याच आहेत."

मेव्हण्याचं बालपण व्यर्थ गेलं हे मला त्या क्षणी पुरतं पटलं. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग वीसची नोट हातात घेतली, बघितली नाही, नुसती अंगठा आणि तर्जनीत धरून घासली.

"ही प्लास्टिकची हाय," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्यांची बँक सुटते आणि सांगली येते. "मी दिली ती कागदाची व्हती. आन् ही दोन बोटं आखूड बी हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या. वीसची नोट पॉलिमरची आणि लांबीला कमी, पाचशेची कागदी आणि लांब. जन्मभर नोटा हाताळलेल्या बाईच्या बोटांना रंग दिसत नाही, माल कळतो. मग त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून छोटी डायरी काढली. सॅन डिएगोत पेसो घेतले तेव्हाच त्यांनी पाचशेच्या प्रत्येक नोटेचे शेवटचे तीन आकडे लिहून ठेवले होते. का, असं विचारायची सोय नव्हती. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, मग त्या गड्याच्या छातीवरच्या खिशाकडे बोट केलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "बाळा, काढ."

त्याला मराठी येत असावं. खिशातून पाचशेची नोट निघाली, "पेर्दोन, सेन्योरा" निघालं आणि पाठोपाठ 320 पेसो निघाले. फडकेवाला तोवर दुसऱ्या गाडीची काच पुसायला निघून गेला होता. सासूबाईंनी सुटे दोनदा मोजले, आणि त्यातलं पाच पेसोंचं नाणं काढून त्याच्या हातावर ठेवलं. मेव्हणा चिडला. "आई, चोराला टिप?"

"पेट्रोल नीट भरलं की त्यानं. त्येवढं काम खरं हाय."

हा डाव चारशे ऐंशी पेसोंचा, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वरचा होता. तक्रार करायची तर तिकडे प्रोफेको ही ग्राहकांची सरकारी संस्था आहे. तिचे लोक पंपावर जाऊन माप घेतात, कमी भरलं तर यंत्राला सील ठोकतात. लोपेस ओब्रादोर राष्ट्राध्यक्ष असताना रोज सकाळी पत्रकार परिषद घ्यायचे. तिथे सोमवारी प्रोफेकोचा प्रमुख उभा राहून कोणता पंप महाग, कोणता स्वस्त आणि कोणी तपासनिसांना आत घेतलं नाही हे सगळ्या देशाला वाचून दाखवायचा. आपल्या मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून असं वाचन सुरू झालं तर लोक संध्याकाळच्या मालिका बंद करतील.

एल रोसारियो या गावानंतर पंप संपतात. पुढे सुमारे तीनशे किलोमीटर निवडुंग, दगड आणि आकाश. मधल्या काताविन्यात रस्त्याकडेला एक म्हातारा बॅरल आणि प्लास्टिकचे कॅन घेऊन बसला होता. पुठ्ठ्यावर हाताने भाव लिहिलेला, पंपापेक्षा बराच चढा. मीटर नाही, शून्य नाही, पावती नाही. आम्हाला गरज नव्हती, पण सासूबाईंना बघायचंच होतं. त्याने एका मोटारसायकलवाल्याला कॅनवरच्या रेघेपर्यंत मोजून दिलं आणि रेघेच्या वर दोन बोटं जास्त ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला बँकेत घ्यायला पाहिजे होतं." आमच्या सगळ्या प्रवासात कोणत्याही पंपाला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

देवमासे दिसले. ते दर हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत गेर्रेरो नेग्रोच्या खाडीत येतात आणि वाटेत जवळजवळ काही खात नाहीत. एवढ्या रस्त्यावर कुठेही भरायला थांबायचं नाही, हा त्यांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

तुम्हाला जायचं असेल तर जानेवारी ते मार्च या दिवसांत जा. टाकी एल रोसारियोला काठोकाठ भरा. पाचशेच्या नोटा शहरातच मोडून दोनशे आणि शंभरच्या करून घ्या, आणि कार्ड दिलंत तर यंत्र गाडीपाशी आणायला सांगा, कार्ड आत जाऊ देऊ नका. पाच-दहा पेसोंची नाणी वेगळ्या खिशात ठेवा, ती द्यायला मागेपुढे पाहू नका. एवढं करूनही मध्येच पेट्रोल संपलं तर 078 फिरवा. 'आन्हेलेस वेर्देस' नावाच्या सरकारी हिरव्या गाड्या 1960 पासून या देशाच्या हमरस्त्यांवर फिरताहेत. त्यांची मदत फुकट असते, पेट्रोलचे पैसे मात्र द्यावे लागतात.