ताबा घेण्याआधी

नव्या फ्लॅटची तपासणी करणाऱ्या कंपनीचा दर्जा थर्मल कॅमेऱ्यावरून ठरत नाही. कॅमेरा भाड्यानेही मिळतो. चांगली कंपनी बिल्डरकडून कमिशन घेत नाही आणि ओल दिसताच खिशातून वॉटरप्रूफिंगचे कोटेशन काढत नाही. तिचा माणूस टाइल ठोकून पोकळ आवाज ऐकतो, बाथरूममध्ये ओतलेले पाणी जाळीकडे जाते की दाराकडे हे पाहतो, अर्थिंग तपासतो आणि सगळे फोटोंसह लिहून देतो. लेखी असलेले बरे, कारण २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामातील दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. बाकीच्यांच्या अहवालात ‘एकंदरीत समाधानकारक’ एवढेच सापडते. वास्तुशास्त्रवाला निदान ईशान्य कोपरा तरी बघून जातो.