राजगुरुनगरपर्यंतचा गेम

वहिनी, भिंतीवर ठेवलेल्या शेंगा तुमच्यासाठीच आहेत, आत घेऊन टाका. शेवग्याला यंदा नुसता ऊत आलाय. आणि जरा थांबा ना, घाईत आहात का? काल तुमचा धाकटा येऊन गेला आमच्याकडे. "काकू, आईला तुम्हीच सांगा" म्हणतो. हो, तेच ते, हातात धरून खेळायचं यंत्र.

मोबाइल नाही हो. मीही आधी तेच म्हणाले होते. आमच्या चिरंजीवांनी माझी कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "आई, यात अख्खा पीसी आहे." आहे खरा. पडदा, बॅटरी, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या काड्या. मोठ्या कॉम्प्युटरवर चालणारे गेम यावर चालतात. तुमच्याकडे आत्ता चाललंय ते महाभारत आमच्याकडे गेल्या वर्षी होऊन गेलंय, म्हणून म्हटलं, चार गोष्टी कानावर घालाव्यात.

पोरं सगळ्यात आधी पडदा बघतात. माझं आयुष्य गणित शिकवण्यात गेलं, मी गुणाकार मांडला. व्हॉल्व्हच्या स्टीम डेकचा पडदा १२८० गुणिले ८००, म्हणजे दहा लाख चोवीस हजार ठिपके. आसुसच्या रॉग अलायचा १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. लिनोवोच्या लिजन गोचा २५६० गुणिले १६००, बरोब्बर चाळीस लाख शहाण्णव हजार. डेकच्या चौपट! आता हे सगळे ठिपके सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा रंगवायचे कोणी? त्या बिचाऱ्या चिपनंच ना? आणि लिजन गोमध्ये जी चिप तीच अलायमध्ये, झेड-वन एक्स्ट्रीम. गडी तोच, अंगण दुप्पट. मग पोरं काय करतात, तर पडदा ऐटदार घेतात आणि गेम खालच्या रिझोल्यूशनवर चालवतात. शिवाय ते लिजन गो ८५४ ग्रॅम. मी एवढ्या वजनाचा नारळ हातावर ठेवून बघितला, दहा मिनिटांत मनगट बोलायला लागलं. अलाय ६०८ ग्रॅमचं आहे.

पण खरी मेख वॉटात आहे, आणि ती आमच्या ह्यांनी काढली. वीज मंडळात जन्म गेला, त्यांना दुसरं सुचतंय काय! झालं असं, की चिरंजीव पुण्याहून घरी येताना मित्राचं यंत्र घेऊन बसमध्ये बसले. नाशिक येईपर्यंत पाच तास खेळायचा बेत. राजगुरुनगर यायच्या आधीच पडदा काळा! पुढं साडेतीन तास खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत आले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या ह्यांनी विचारलं, "बॅटरी किती वॉट-अवरची?" चाळीस. "आणि खात किती होतं?" तर म्हणे टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरावर ठेवलं होतं, नुसत्या चिपलाच पंचवीस वॉट. ह्यांनी लाइटबिल उलटं केलं आणि मागे लिहिलं: पडदा, पंखा, बाकीची मंडळी धरून पस्तीस. चाळीस भागिले पस्तीस, एक तास आठ मिनिटं. "राजगुरुनगर कसं येणार?" ते बिल अजून फ्रिजवर लावलेलं आहे.

म्हणजे जाहिरातीतली ताकद ही टर्बोची. अलायच्या चिपमध्ये आठ कोअर, डेकच्या चिपमध्ये चारच आणि तेही जुन्या पिढीचे. कागदावर डेक पार उताणा. पण दोन्ही पंधरा वॉटवर आणून ठेवा, अंतर पुष्कळच कमी होतं. दहाच्या आसपास उतरा, तर डेकच पुढे जातं. ती चिप मुळी कमी विजेवर संसार करायला घडवलेली आहे. २०२३च्या नोव्हेंबरात डेकचा ओलेड पडद्याचा अवतार आला, त्यात चिपचा वेग जवळपास होता तिथंच ठेवून त्यांनी बॅटरी चाळिसाची पन्नास केली. मला हे फार आवडलं. पुढच्या वर्षी आसुसनंही अलाय एक्समध्ये चिप तीच ठेवून बॅटरी थेट ऐंशीवर नेली. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

मग डेकच घ्या म्हणते का? थांबा, सांगते. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडे ओलेडवालं आहे. ५४९ डॉलरला मिळालं, आणि त्या पैशात इतकं समाधान देणारं दुसरं मी बघितलं नाही. गेम मध्येच थांबवायचा, वरचं बटण दाबायचं, ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं की उडी अर्धी राहिलेली तिथूनच पुरी. विंडोजवाल्यांचं झोपेचं काही खरं नसतं. पिशवीतच जागं होतं आणि तापून बसतं. डेकवर विंडोज नाही, लिनक्सवर उभं केलेलं स्टीमओएस आहे. २०२५मध्ये लिनोवोनं लिजन गो एस याच स्टीमओएससकट काढलं, तेव्हा त्याच यंत्रावर बरेच गेम विंडोजपेक्षा सुरळीत चालले.

पण दोन अडचणी. तुमच्या धाकट्याला फोर्टनाइट हवंय ना? ते स्टीमओएसवर चालत नाही. लबाडी पकडणारी त्यांची जी यंत्रणा आहे, ती फोर्टनाइटवाले तिथं चालूच करत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, व्हॉल्व्हनं डेक आपल्याकडे दुकानात आणलंच नाही. बाहेरून मागवायचं, नाहीतर कोणाच्या तरी बॅगेतून. आमच्या ओळखीतल्या एकानं असंच एक यंत्र मागवलं. कंपनीचं नाव नाही सांगत, उगाच कशाला? उजवी काडी ढळायला लागली. खेळणारा माणूस सारखा आभाळाकडे बघायचा. इथं बिल नाही, वॉरंटी नाही, दाद कोणाकडे मागायची? शेवटी कोणीतरी परदेशी निघालं, त्याच्याबरोबर पाठवलं. चार महिने!

अलाय २०२३च्या जुलैत रीतसर इथं आलं, ६९,९९० रुपयांना. तेवढ्यात बरा लॅपटॉप येतो, हे मला कळत नाही का? पण पक्कं बिल हातात पडतं. आम्ही तेच घेतलं, पहिल्याच पिढीतलं, कोणीतरी पेटी उघडून परत केलेलं, म्हणून बरंच खाली मिळालं. वॉरंटी शिल्लक होती, ती आधी तपासून घेतली. नव्या एक्सबॉक्स अलाय एक्सच्या नादी मात्र लागू नका. २०२५च्या ऑक्टोबरात तिकडे निघालं तेच हजार डॉलरला एक सेंट कमी. हातातल्या खेळण्याला हजार डॉलर, वहिनी!

आणखी एकच गोष्ट. रॅम १६ जीबी लिहिलेली असली, तरी त्यातलाच वाटा चित्र काढणारी बाजू घेते. एका पातेल्यात दोन घरांची आमटी. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

आता चिरंजीव पंधरा वॉटवर, ७२० रिझोल्यूशनवर खेळतात. सात इंची पडद्यावर फरक दिसतो का, विचारलं तर म्हणाले, नाही. मात्र मित्र आले की गुपचूप १०८० आणि टर्बो लावतात, चार्जर खोचून. परवा मीच हॉलमधला प्लग काढून मिक्सर लावला. काय तोंड झालं म्हणता!