पाण्यात म्हैस, वर मोल

मा. सेल्स मॅनेजर साहेब यांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांगच घातला आहे, कारण आपल्यापुढे उभं राहून बोलण्याची सोय आता फार दिवस उरेल असं दिसत नाही.

प्रथम आपलं अभिनंदन. आपल्या शोरूममध्ये कॉफी झकास मिळते, एसी थंडगार असतो आणि ‘सर, गाडी ऑलमोस्ट आलीच आहे’ हे वाक्य इतक्या मायेनं ऐकवलं जातं की माणसानं आपणहून चेकबुक काढावं. शोरूमचं नाव मी इथं लिहीत नाही. एक तर संस्कार आड येतात आणि दुसरं म्हणजे माझ्या आयुष्याची पुंजी आपल्या खात्यात जमा होण्याच्या बेतात आहे. पत्र खुलं असलं तरी पत्ता झाकलेला बरा.

विषय आपला परवाचा मेसेज. ‘अभिनंदन! आपली गाडी अलॉट झाली आहे. उर्वरित रक्कम आजच आरटीजीएस करावी, म्हणजे पुढची प्रोसेस सुरू करता येईल.’ मी आपल्या सेल्स एक्झिक्युटिव्हला फोन केला. गुणी मुलगा आहे, टार्गेटनं वाळलाय बिचारा. त्याला म्हटलं, अलॉट झालेल्या गाडीचा चासी नंबर तेवढा सांग. तो म्हणाला, ‘काका, तो फुल पेमेंटनंतर सिस्टिममध्ये जनरेट होतो.’

साहेब, माझी समजूत अशी होती की चासी नंबर कारखान्यातच धातूवर कोरतात. सतरा आकड्या-अक्षरांचा असतो तो. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं त्यात घेत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. साऱ्या जगानं इतकी काळजी घेतलेला हा नंबर आमच्या गावात मात्र माझ्या आरटीजीएसच्या पोटी जन्माला येतो, हे ऐकून ऊर भरून आला. माझे पैसे एवढे कर्तबगार असतील असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे गुरांच्या बाजारात म्हैस घेणारा तिचे दात बघतो, चालवून बघतो, दुभती असेल तर धार काढून बघतो आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. पाण्यात बसलेल्या म्हशीचं मोल काठावर करणाऱ्याला गाव हसतं. आपण एक पाऊल पुढे गेलात. आपल्याकडे मोल काठावर होतं, पैसेही काठावरच घेतले जातात, आणि म्हैस कुठल्या तळ्यात आहे ते सिस्टिम सांगते.

यावर आपलं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: ‘सर, आरटीओचा नियम आहे.’ नियम आहे, कबूल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला बेचाळिसावा नियम सांगतो की तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरनं गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये. नोंदणीला इनव्हॉइस लागतं, विमा लागतो, रोड टॅक्स भरावा लागतो. पदरचे पैसे घालून आपण माझा टॅक्स भरावा अशी माझी अपेक्षा नाही. पण नोंदणीआधी ताबा देऊ नका, एवढंच हा नियम म्हणतो. नोंदणीआधी गाडी दाखवू नका, असं त्यात कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. चष्मा नवा आहे.

आता यातली खरी मेख सांगतो. पूर्वी नवी गाडी नोंदणीसाठी आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी करावी लागे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अधिकृत डीलरनं विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी तिथं नेण्याची गरज संपली. निर्णय चांगलाच होता, एजंटांची एक अख्खी जत्रा त्यानं मोडली. पण परिणाम बघा. नंबर पडेपर्यंत गाडी सरकारनं पाहिलेली नसते आणि ग्राहकानंही पाहिलेली नसते. पाहिलेली असते ती फक्त आपण. नंबर पडला की गाडी कागदोपत्री माझी. मग डाव्या दारावर रंगाचा दुसरा हात दिसो, नाहीतर बंपरचा कोपरा बसवून घेतलेला दिसो, आपण म्हणणार, ‘काका, आता तर तुमच्या नावावर झाली. रबिंग-पॉलिशिंग करून देतो ना.’ एकदा नंबर पडलेली गाडी परत घेतली तर ती आपल्यालाही सेकंडहँड म्हणूनच विकावी लागेल, आणि तो तोटा आपण सोसावा इतके आपण काही भोळे नाहीत.

कागदांचा विषय निघालाच आहे तर फॉर्म २१ ची मौज सांगायलाच हवी. हे विक्री प्रमाणपत्र. नोंदणीच्या अर्जाला ते जोडावं लागतं आणि त्यात डीलर प्रमाणित करतो, की अमुक गाडी आम्ही तमुक व्यक्तीला अमुक तारखेला सुपूर्द केली आहे. म्हणजे नोंदणीशिवाय ताबा नाही आणि ताबा दिल्याच्या दाखल्याशिवाय नोंदणी नाही. हे कोडं आपण रोज दुपारच्या चहाआधी सोडवता. गाडी यार्डात धूळ खात असते आणि कागदावर ती मी केव्हाच घरी नेलेली असते, बहुधा सोसायटीत पेढेही वाटून झालेले असतात.

यार्डात ती धूळ खाते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मध्यंतरी हट्टानं आपल्या स्टॉकयार्डात जाऊन आलो. हायवेला लागून पत्र्याचं कुंपण, आत आरसे मिटून दाटीवाटीनं उभ्या गाड्या, बॉनेटवर वाळलेल्या पावसाचे चट्टे. एका मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं ‘आई’ लिहिलेलं. राखणदार भला माणूस. त्यानं एकीचं दार उघडून दाखवलं. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच, आणि त्याच्याखालून पावसाळ्यात कपाटातल्या स्वेटरला येतो तसा वास. बॅटरी उतरलेली, त्यामुळे शेजारच्या गाडीतून केबल लावून ती सुरू केली. मी वाकून टायर पाहिला. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२४ असेल तर टायर २०२४ च्या एकतिसाव्या आठवड्यातला, म्हणजे श्रावणाच्या आगेमागे जन्मलेला. यातली माझी कुठली, असं विचारल्यावर राखणदार म्हणाला, ‘यातलीच एखादी असंल की.’ आपल्या साऱ्या शोरूममध्ये मला मिळालेलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होतं.

न्यायानं बोलायचं तर आपलीही मान कुणाच्या तरी हातात आहे. गाडी कारखान्यातून सुटते तेव्हा कंपनी आपल्याकडून पैसे वाजवून घेते. ते आपण बँकेच्या इन्व्हेंटरी फंडिंगवर उचलता, आणि गाडी यार्डात उभी असेल तितके दिवस व्याजाचं मीटर पळत राहतं. महिनाअखेर आली की कंपनीचा एरिया मॅनेजर न खपणारा रंग आणि न खपणारं मॉडेल आपल्या गळ्यात मारतो. म्हणजे कंपनी आपल्याकडून आगाऊ घेते, आपण माझ्याकडून. या साखळीत मी शेवटचा. मला कुणाकडून आगाऊ घ्यायचं ते अजून सापडलेलं नाही. पगार मला महिना भरल्यावर मिळतो आणि त्यासाठी कामावर हजर राहिल्याचं आधी दाखवावं लागतं.

माझंही मीटर पळतं, साहेब. बँकेनं कर्जाची रक्कम आपल्या खात्यात सोडली की त्या दिवसापासून व्याज माझ्या डोक्यावर. दहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचं व्याज साडेसात हजार होतं. ‘दोन-चार दिवस इकडे-तिकडे’ असं आपण म्हणता त्यातला प्रत्येक दिवस मला अडीचशे रुपयांना पडतो. गाडी नाही, पेट्रोल नाही, हप्त्याची तारीख मात्र पक्की. आणि एवढं करून किंमत तरी गोठते का? बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीला वाचता येईल अशा टायपात, ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील’ हे कलम आहेच. जानेवारीत कंपन्या भाव वाढवतात तेव्हा त्याचा अर्थ नीट कळतो. हँडलिंग चार्जेस, अ‍ॅक्सेसरीजचं सक्तीचं पॅकेज आणि ‘विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर क्लेमला त्रास होईल’ ही प्रेमळ धमकी यांवर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. विम्याची कंपनी निवडण्याचा हक्क ग्राहकाचा आहे, एवढंच तूर्त नोंदवतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. पावतीवर नाव आपल्या फर्मचं, कंपनीचं नाही. डीलरला दिलेला आगाऊ पैसा हे डीलर आणि ग्राहकाचं आपसातलं प्रकरण, असं म्हणायला कंपनी मोकळी असते. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतातली शेवरोले गाड्यांची विक्री थांबवली. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. झगमगत्या पाट्या उतरायला वेळ लागत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. डीलर बुडाला तर त्याच्या मालमत्तेवर पहिला हात तारण घेतलेल्या बँकेचा. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक रांगेत खूप मागे, हातात पावती आणि आपण दिलेलं कीचेन घेऊन उभा. ग्राहक आयोग आहे, १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सगळं आहे. पण वसूल व्हायला समोर काहीतरी शिल्लक लागतं.

आता आपण म्हणाल, आगाऊ पैसे भरणं ही या देशाची परंपराच आहे. आहे ना. १९८३ साली मारुती ८०० साठी लोक दहा हजार रुपये भरून रांगेत होते. २००९ च्या एप्रिलात टाटांनी नॅनोचं बुकिंग उघडलं तेव्हा मॉडेलप्रमाणे ९५ हजार ते १ लाख ४० हजार भरायचे होते, म्हणजे जवळपास गाडीची सगळी किंमत. दोन लाखांहून जास्त लोकांनी ती भरली. पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत निघाली आणि १७ जुलै २००९ ला मुंबईत रतन टाटांच्या हातून पहिली किल्ली दिली गेली. पण ज्यांचा नंबर लागला नाही आणि ज्यांनी पैसे तसेच ठेवले, त्यांना कंपनीनं व्याज देऊ केलं होतं. स्वस्तातल्या स्वस्त गाडीच्या ग्राहकाला जे मिळालं ते आपल्याकडे ‘प्रीमियम कस्टमर’ म्हणून मिरवणाऱ्या मला मिळत नाही. मला कीचेन.

तेव्हा मी एक प्रस्ताव ठेवतो. आपल्याच अटी, फक्त खुर्च्या बदलून. आपण मला गाडी आजच द्या. माझे पैसे आपल्याला अलॉट झालेले आहेत. ते कोणत्या बँकेत आहेत हे गाडी घरी पोचल्यावर माझ्या सिस्टिममध्ये जनरेट होईल. मागणी फार असल्यामुळे रकमेत थोडा फरक पडू शकतो, देण्याच्या दिवशी खिशात असेल ती रक्कम लागू राहील. चेक लिहिण्याचं हँडलिंग वेगळं. आणि नंतर माझी बायको आपल्याला फोन करेल, तेव्हा कृपया दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी आमच्याकडे ते शून्यच धरतात.

पटलं नाही ना? मलाही नसतंच पटलं. म्हणूनच पाडव्याच्या मुहूर्तावरच्या डिलिव्हरीच्या सोहळ्याची मला धास्ती वाटते. गाडीवर सॅटिनचं आवरण, बायकोच्या हातात ओवाळणीचं ताट, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, मागे वाजणारं गाणं. त्या गडबडीत आपला मुलगा पॅड पुढे करणार: ‘काका, इथं सही, इथं, आणि इथं.’ त्यातल्या एका कागदावर लिहिलेलं असणार, की गाडी मी नीट तपासून समाधानकारक स्थितीत ताब्यात घेतली. मुहूर्त टळत असताना कोण कशाला टायरवरचे आकडे वाचतंय!

म्हणून विनंती. पैसे बुडवायचे नाहीत, उशीरही करायचा नाही, फक्त क्रम बदलायचा आहे. चासी नंबर मला लेखी कळवा. गाडी धुऊन, दिवसाउजेडी, इनव्हॉइस फाडण्याआधी आणि नोंदणीला पाठवण्याआधी दाखवा. मी रंग पाहीन, टायर पाहीन, किलोमीटर पाहीन, काचांवरचे शिक्के पाहीन, एसी लावून बघेन. पसंत पडली तर त्या नंबरासकट पावती करा आणि तिथंच, यार्डात उभ्या उभ्या, पूर्ण रक्कम घ्या. मग करा ती नोंदणी सावकाश. बँक बंद होती, ही सबबसुद्धा मी सांगणार नाही. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू असतं. गाडी रविवारी दाखवलीत तर पैसेही रविवारीच पोचतील.

आपला,
अलॉट झालेला एक ग्राहक